सर्वांस सारखे दाम : कॉलिंगवुडचे जॉक मॅकहेल



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे एका ऑस्ट्रेलियन फुटबॉलपटूचे नाव पाहून पुष्कळांना नवल वाटले असेल. वसंत व्याख्यानमालेला पेशवाईची सवय आहे, संतवाङ्मयाची आहे, अंदाजपत्रकाचीही आहे. कामगार संघटनेच्या माणसाने फार तर संपाच्या कायद्यावर बोलावे, असा संकेत. आम्ही शाळा लवकर सोडली. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. त्यामुळे कोणी कोणत्या विषयाला हात घालावा याचे शिष्टाचार आमच्या अंगवळणी पडलेच नाहीत. परंतु या गृहस्थाचे चरित्र आम्ही उगाच निवडलेले नाही. ज्या प्रश्नाने आमची निम्मी हयात खाल्ली, तो प्रश्न या माणसाने खेळाच्या मैदानावर अडतीस वर्षे एका विशिष्ट रीतीने सोडवला. कुशल आणि अकुशल, नामांकित आणि नवखा, यांना दाम सारखे द्यावे की वेगळे, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर बरोबर होते की चूक, ते आपण पुढे पाहू.

आधी खेळाविषयी चार शब्द सांगणे भाग आहे, कारण हा आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. चेंडू गोल नसून लांबट. मैदान चौकोनी नसून लंबगोल, म्हणजे क्रिकेटचेच. एका बाजूला अठरा गडी. चेंडू लाथेने मारावा किंवा मुठीने ठोसावा. हाताने फेकता येत नाही. दूरवरून लाथाडलेला चेंडू जो अधांतरी झेलील त्याला मोकळेपणी लाथ मारण्याचा हक्क मिळतो, आणि तो झेल घेण्यासाठी गडी एकमेकांच्या खांद्यावर गुडघे टेकून उडी घेतात. दोन्ही टोकांस चार-चार खांब उभे. मधल्या दोहोंतून चेंडू गेला तर सहा गुण, कडेच्या फटीतून गेला तर एक. निम्म्या चुकीलासुद्धा थोडे बक्षीस देणारा असा दुसरा खेळ आमच्या ऐकिवात नाही.

हा खेळ मेलबर्न शहराचा. कसोटी सामन्यांमुळे त्या शहराचे क्रिकेट मैदान आपल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. १८५८ साली टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने वर्तमानपत्रात पत्र लिहिले की, हिवाळ्यात क्रिकेटवीरांचे अंग आखडू नये म्हणून फुटबॉलचा एखादा क्लब काढावा. पुढल्या वर्षी, १८५९ च्या मे महिन्यात, त्याने व त्याच्या तीन-चार स्नेह्यांनी नियम लिहून काढले. ही झाली सर्वपरिचित हकीकत. पण नियम लिहिल्याने खेळ लोकांचा होत नाही. त्याला वेळ लागतो, आणि वेळ हा कामगाराच्या मालकीचा नसतो. याच मेलबर्नमध्ये २१ एप्रिल १८५६ रोजी पाथरवटांनी हत्यारे खाली ठेवून मोर्चा काढला आणि मजुरी न घटता आठ तासांचा दिवस पदरात पाडून घेतला. पुढे हळूहळू शनिवारची अर्धी सुट्टी आली. ती आली म्हणून शनिवारी दुपारी हजारो लोक मैदानाच्या कठड्याशी उभे राहू लागले. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने गिरणीकामगाराला रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी. हे ध्यानात घेतले म्हणजे मेलबर्नचा कामगार किती आधी मोकळा झाला ते कळते.

आता कॉलिंगवुड. मेलबर्नच्या लगतची ही वस्ती सखल, पावसाळी पाण्याखाली जाणारी. श्रीमंतांची घरे उंचवट्यावर, आणि उंचवट्यावरचे सांडपाणी खाली कॉलिंगवुडला. बुटांचे कारखाने, यारा नदीच्या काठी कातडी कमावण्याचे धंदे, बिअरच्या भट्ट्या, आणि मध्ये लहान लहान घरांच्या रांगा. १८९० नंतर मेलबर्नमधील जमिनीच्या सट्ट्याचा फुगा फुटला, १८९३ साली बँकांनी दारे लावली, आणि या वस्तीत उपासमार शिरली. कॉलिंगवुड फुटबॉल क्लबची स्थापना १८९२ ची, म्हणजे नेमकी या पडझडीतली. काळ्यापांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा सदरा, मॅगपाय पक्ष्याचे टोपणनाव आणि व्हिक्टोरिया पार्क हे मैदान एवढे भांडवल. चारच वर्षांत, १८९६ साली, क्लबाने विजेतेपद मिळवले. ज्यांना बाकी कुठेच जिंकता येत नव्हते त्यांना शनिवारी जिंकता येऊ लागले. पुढे एका कॉलिंगवुडकराला आपल्या मुंबईनेही पाहिले: या वस्तीचा लाडका क्रिकेटपटू जॅक रायडर १९३५-३६ मध्ये ऑस्ट्रेलियन संघ घेऊन हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला होता. व्हिक्टोरिया पार्कमधील १९२९ साली बांधलेल्या प्रेक्षागाराला त्याचे नाव आहे.

आणखी एक नाव येथेच सांगून टाकतो, कारण ते पुढे सावलीसारखे वावरणार आहे. जॉन रेन हा याच वस्तीतील बूटकारखान्याचा मजूर. त्याने १८९३ साली जॉन्स्टन स्ट्रीटवर बेकायदा जुगाराचा अड्डा उघडला आणि कामगारांच्या शिलिंगाशिलिंगाने तो गडगंज झाला. क्लबाचा तो मोठा आश्रयदाता. फ्रँक हार्डी या कम्युनिस्ट लेखकाने १९५० साली त्याच्यावर बेतलेली कादंबरी लिहिली, आणि त्यापायी लेखकावर फौजदारी खटला होऊन तो निर्दोष सुटला. कामगारवस्तीच्या मंदिराचा कळस सटोडियाच्या पैशाने चढावा, ही गोष्ट आपल्या लोकांना नवी वाटणार नाही.

जेम्स फ्रान्सिस मॅकहेल, लोकांच्या तोंडी ‘जॉक’, यांचा जन्म १२ डिसेंबर १८८२ रोजी सिडनीजवळच्या बॉटनी येथे झाला. घराणे आयरिश वळणाचे, कॅथलिक. मुलगा लहान असतानाच कुटुंब मेलबर्नला आले. शाळा संपल्यावर ते बिअरच्या कारखान्यात चिकटले, आणि नवलाची गोष्ट अशी की देशभर नाव झाल्यावरही त्यांनी ती नोकरी सोडली नाही. आठवडाभर कारखाना, संध्याकाळी सराव, शनिवारी सामना. कोबर्गच्या क्लबाकडून खेळता खेळता १९०३ साली ते कॉलिंगवुडमध्ये आले. मैदानाच्या मध्यभागी खेळणारा हा गडी. डोळे दिपवणारा नव्हे. सतरा-अठरा मोसमांत २६१ सामने आणि गोल अवघे अठरा. परंतु १९०६ पासून १९१७ पर्यंत त्यांनी ओळीने १९१ सामने खेळले, एकही न चुकवता. हा उच्चांक १९४३ पर्यंत टिकला. आमच्या मते मॅकहेल समजायचे असतील तर गोलांचा आकडा सोडून या आकड्याकडे पाहावे. हजेरीपटावर कधी फुली न पडलेला तो कामगार होता. असा माणूस पुढे मुकादम झाला की दुसऱ्याची गैरहजेरी त्याला कशी सहन व्हावी?

१९१० साली कॉलिंगवुडने कार्ल्टनला हरवून विजेतेपद घेतले, त्यात मॅकहेल खेळत होते. १९११ साली लीगने खेळाडूंना उघडपणे पैसे देण्यास मान्यता दिली. त्याआधी हौशीपणाचे सोंग होते. पैसे दिले जात, पण टेबलाखालून. आणि १९१२ साली मॅकहेल खेळता खेळताच क्लबाचे प्रशिक्षक झाले. म्हणजे दाम उघड झाले आणि ते वाटण्याच्या रीतीशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले तो माणूसही मैदानात आला, हे जवळजवळ एकाच वेळी घडले.

लगेच महायुद्ध आले. खेळ चालू ठेवावा की बंद करावा यावर मेलबर्न दुभंगले. सुखवस्तू मंडळींचे क्लब म्हणाले, पोरे रणांगणावर मरत असताना फुटबॉल कसला? एकामागून एक क्लब बाजूस झाले आणि १९१६ च्या मोसमात चारच उरले: कार्ल्टन, कॉलिंगवुड, फिट्झरॉय व रिचमंड. चारही कामकरी वस्त्यांचे. (त्या वर्षी फिट्झरॉय चारांत चौथा आला आणि शेवटच्या फेऱ्यांत सर्वांना हरवून विजेताही ठरला. असा चमत्कार चारच पंगती असल्या म्हणजे होतो.) कामगाराचे म्हणणे साधे होते: आमचीही पोरे गेली आहेत, मागे राहिलेल्यांची एक दुपार तरी काढून घेऊ नका. सक्तीच्या लष्करभरतीचा प्रश्न सरकारने १९१६ व १९१७ अशा दोन वेळा मतदानाला टाकला आणि देशाने दोन्ही वेळा तो फेटाळला. हे दोन वाद वेगळे होते, पण भांडणाच्या रेषा बऱ्याच अंशी त्याच होत्या.

कॉलिंगवुडचे दोन खेळाडू, मॅल्कम सेडन आणि पॅडी रोवन, जिवलग मित्र, सैन्यात गेले. रोवन १९१६ च्या डिसेंबरात फ्रान्समध्ये मारला गेला. सेडनने तोफगोळ्याच्या धातूची एक घोड्याची नाल करून घेतली आणि शकुन म्हणून ती क्लबाला पाठवली. १९१७ चे विजेतेपद कॉलिंगवुडने मिळवले. पस्तिशीला टेकलेले मॅकहेल त्या संघाचे प्रशिक्षकही होते आणि मैदानावरचे गडीही. सेडन जिवंत परतला, मृत मित्राच्या विधवेशी त्याने लग्न केले, आणि १९१९ च्या विजयी संघात तो स्वतः होता. क्लबाशी माणसे अशी बांधलेली होती. पुढे निष्ठेचा शब्द आपण वारंवार ऐकणार आहोत. तो कोठून आला हे कळावे म्हणून एवढे सांगितले.

मॅकहेल यांनी १९२० साली सदरा उतरवला आणि ते केवळ प्रशिक्षक राहिले. त्यांची पद्धत काय होती? काही विलक्षण डावपेच त्यांच्यापाशी होते असे नाही. प्रत्येक गड्याने आपली जागा सांभाळावी. चेंडू हाती आला की साथीदार कोठे असणार ते न पाहता ठाऊक असावे. आणि कोणी आपल्या टाळ्यांसाठी खेळू नये. एकाचा पाय दुखावला तर दुसरा त्याच जागी तेच काम करील. कारखान्यातील माणसाला सुचावी अशीच ही रचना, आणि नावही तसेच पडले: ‘द मशीन’, यंत्र. कप्तान सिड कोव्हेंट्री. त्याचा भाऊ गॉर्डन हा गोल करणारा. हॅरी व अल्बर्ट कॉलियर हे दुसरे दोन भाऊ. कोव्हेंट्री डायमंड क्रीकच्या सफरचंदांच्या बागांतून आलेले, कॉलियर खास कॉलिंगवुडचे.

या यंत्राने १९२७, १९२८, १९२९ आणि १९३० अशी ओळीने चार विजेतेपदे घेतली. चार ओळीने घेणारा संघ त्यानंतर आजतागायत झालेला नाही. १९२७ चा अंतिम सामना धो धो पावसात झाला. चिखलात चेंडू साबणासारखा निसटत होता. रिचमंडने सबंध सामन्यात एक गोल केला, कॉलिंगवुडने दोन. गुण पंचवीस विरुद्ध तेरा. एरवी शंभरी गाठणाऱ्या खेळात ही धावसंख्या म्हणजे विनोदच, पण चिखलात कसब निकामी होते आणि शिस्त उरते हे त्या दिवशी दिसले. १९२९ साली साखळीतील अठराच्या अठरा सामने त्यांनी जिंकले; हेही दुसऱ्या कोणाला साधलेले नाही. गॉर्डन कोव्हेंट्रीने त्या मोसमात १२४ गोल केले. एका मोसमात शंभरी ओलांडणारा तो पहिला. १९३० च्या अंतिम सामन्याच्या दिवशी मॅकहेल आजाराने अंथरुणावर होते. त्यांच्या जागी क्लबाचे खजिनदार बॉब रश उभे राहिले आणि संघाने जीलाँगला तीस गुणांनी हरवले. अभिलेखात ते विजेतेपद कोणाचे, यावर पुढे बराच खल झाला. अखेर २०१४ साली लीगने ते मॅकहेल यांच्या खाती मांडले. प्रशिक्षक घरी पडलेला असताना यंत्र चालले, हे त्या यंत्राचे प्रशस्तिपत्र म्हणावे की प्रशिक्षकाचे? आम्ही दोहोंचे म्हणू.

आता मुख्य गोष्ट. या संघात दाम सर्वांस सारखे होते. मोसमात शंभर गोल करणारा कोव्हेंट्री आणि पहिल्याच दिवशी सदरा घालणारा पोरगा, दोघांच्या हातावर सामन्यागणिक तेवढीच रक्कम पडे. इतर क्लब नामांकितांना जादा देत. कॉलिंगवुड देत नसे. आणि मॅकहेल स्वतः? अडतीस वर्षांत त्यांनी खेळाडूंना मिळे त्याहून अधिक दाम प्रशिक्षक म्हणून घेतले नाही.

बंधूंनो, हे वाक्य आम्ही पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ बसलो. पुढारी आणि अनुयायी यांच्या ताटातली भाकरी सारखी असावी हे व्यासपीठावरून आम्ही शेकडो वेळा ऐकले आहे. एका संघटनेत, तिचे नाव सांगण्यात अर्थ नाही, संपाच्या दुसऱ्या महिन्यात सभासद उधारीवर जगत असताना पदाधिकाऱ्यांचे भत्ते चालू राहिलेले आम्ही पाहिले. तो संप मालकाने मोडला असे इतिहासात लिहिले जाईल. मॅकहेल यांच्याविषयी त्यांच्या हाताखालच्या कोणालाही असे म्हणण्याची सोय नव्हती. त्यांनी पोराला चिखलात लोळवले, दमात घेतले, संघातून काढले. पण ते त्याच्याहून जास्त खात नव्हते. त्यांच्या शब्दाला वजन कोठून आले असेल याचा शोध घेण्यासाठी मानसशास्त्राकडे जाण्याचे कारण नाही.

मात्र येथेच थांबलो तर ते चरित्र न होता आरती होईल. कामगार कार्यकर्त्याने या समतेकडे दुसऱ्या बाजूनेही पाहिले पाहिजे.

१९२९ नंतर महामंदी आली. ऑस्ट्रेलियात १९३२ च्या सुमारास संघटित कामगारांपैकी जवळजवळ तीस टक्के बेकार होते. ज्या लवाद न्यायालयाच्या न्यायमूर्ती हिगिन्स यांनी १९०७ साली, कुटुंबाला माणसासारखे जगता येईल एवढी मजुरी मिळालीच पाहिजे, असा जगप्रसिद्ध निवाडा मेलबर्नमध्येच दिला होता, त्याच न्यायालयाने १९३१ साली मजुरी दहा टक्क्यांनी कापली. आणि फुटबॉल लीगने १९३० साली कूल्टर कायदा केला: कोणत्याही क्लबाने कोणत्याही खेळाडूला सामन्यामागे तीन पौंडांहून अधिक देता कामा नये, हप्त्याबाहेर ठोक रक्कमही देता कामा नये. याच्या जोडीला वस्तीचा नियम होता, तो १९१५ पासूनचा. ज्या भागात खेळाडू राहतो त्या भागाच्या क्लबासाठीच त्याने खेळावे. दुसरीकडे जायचे तर क्लबाचा दाखला हवा, आणि दाखला देणे न देणे क्लबाच्या मर्जीवर.

आता याचा आपल्या भाषेत अर्थ काय? सर्व मालकांनी एकत्र बसून मजुरीची कमाल ठरवली, किमान नव्हे; आणि मजुराला दुसऱ्या गिरणीत जाण्यास बंदी केली. याला आपण गिरणगावात समता म्हटले असते काय? कॉलिंगवुडमधील सारखे दाम ही कल्पना थोर होती, पण ती खेळाडूंनी एकत्र येऊन मागितलेली नव्हती. समितीने ठरवली, प्रशिक्षकाने पाळली, खेळाडूंनी घेतली. फाटकावर जमा झालेल्या पैशाचा हिशेब सारख्या दामाच्या रांगेत कधी उभा राहिला नाही. समता ही वाटणाऱ्याच्या हातून येते तेव्हा ती दानासारखी असते. घेणाऱ्याला ‘पुरेसे नाही’ म्हणण्याचा हक्क तिच्यात नसतो.

तरीही त्या कठीण दिवसांत तिने काम केले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. साउथ मेलबर्न क्लबाचे अध्यक्ष आर्ची क्रॉफ्ट्स हे किराणा दुकानांच्या मालिकेचे मालक. त्यांनी कूल्टर कायद्याला चांगली बगल दिली. दूरदूरच्या राज्यांतून नामांकित गडी बोलावले आणि त्यांना आपल्या दुकानांत नोकऱ्या दिल्या! मंदीत नोकरीसारखे दुसरे आमिष कोणते? लोकांनी त्या संघाला ‘परदेशी पलटण’ म्हटले. १९३३ साली ही पलटण जिंकली. १९३४ साली त्यांच्या बॉब प्रॅटने १५० गोल केले. आणि १९३५ व १९३६ या दोन्ही अंतिम सामन्यांत तिला मॅकहेल यांच्या सारख्या दामाच्या संघाने हरवले.

निकाल इतका सरळ नव्हता हेही सांगितले पाहिजे, नाहीतर विरोधी वकील आम्हांला पकडतील. १९३५ च्या अंतिम सामन्याच्या दोन दिवस आधी प्रॅटला रस्त्यावर विटांच्या ट्रकाने धडक दिली आणि तो खेळूच शकला नाही. उलट १९३६ साली कॉलिंगवुडचा गॉर्डन कोव्हेंट्री बाहेर होता. त्याच्या मानेवर फोड झाले होते, प्रतिपक्षाच्या गड्याने नेमके तेथे रट्टे लगावले, सोळा मोसम शांतपणे खेळलेला हा माणूस एकदाच चिडला, आणि आठ सामन्यांची बंदी भोगत बसला. शेकडो गोलांचा धनी नसतानाही यंत्र चालले. हे मॅकहेल यांचे आठवे व शेवटचे विजेतेपद.

यंत्राला तडा गेला तो रॉन टॉडपाशी. कोव्हेंट्रीनंतर गोल करण्याचे काम या तरुणाकडे आले. १९३८ साली त्याने १२० गोल केले, १९३९ साली १२१. व्हिक्टोरिया पार्कच्या फाटकावर जी गर्दी लोटे तिच्यातला मोठा हिस्सा त्याला पाहायला येई, आणि त्याला दाम मात्र राखीव गड्याइतकेच. दुसऱ्या संघटनेतील विल्यम्सटाउन क्लबाने त्याला मोठी ठोक रक्कम देऊ केली. त्या संघटनेचा आणि लीगचा त्या काळी उभा दावा असल्यामुळे दाखल्याची अडचण नव्हती. १९४० साली टॉड निघून गेला. पाठोपाठ १९४१ साली डेस फॉदरगिलही गेला. आदल्याच वर्षी तो लीगच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूच्या पदकाचा संयुक्त मानकरी ठरला होता. फॉदरगिल पुढे परत आला. टॉडने १९४५ साली विल्यम्सटाउनसाठी एकाच मोसमात १८८ गोल केले. कॉलिंगवुडचा सदरा त्याला पुन्हा कधी मिळाला नाही.

कॉलिंगवुडमध्ये या पोराला फितूर म्हटले गेले. आम्हांला तसे म्हणवत नाही. खेळाडूचे पाय दहा-बारा वर्षे टिकतात. एक गुडघा गेला की संपले. विमा नाही, निवृत्तिवेतन नाही. त्याने आपली मेहनत जेथे भाव आला तेथे विकली, आणि हा हक्क आम्ही प्रत्येक कामगारासाठी मागत आलो आहोत. पण दुसऱ्या बाजूने विचार करा. टॉडपर्यंत चेंडू पोचवणारे सतराजण होते. त्यांची नावे आज कोणी घेत नाही. त्यांना ठोक रक्कम देऊ करायला कोणी आले नव्हते. टॉडला जादा द्यायचे तर ते कोणाच्या वाट्यातून? मॅकहेल यांच्या उत्तराची सारी ताकद या प्रश्नात आहे, आणि त्यांच्या उत्तराची उणीवही: ‘फाटकाच्या उत्पन्नातून, सर्वांचेच वाढवून’ असे ते किंवा समिती कधी म्हणाले नाहीत. निष्ठेचे आवाहन त्यांनी केले. निष्ठा असलेले राहिले, आणि राहिलेल्यांकडून विजेतेपद पुढे आले नाही.

मॅकहेल मात्र राहिलेच. दुसरे महायुद्ध गेले, संघ घसरला, पुन्हा सावरला, आणि १९४९ चा मोसम संपल्यावर वयाच्या सदुसष्टीला टेकल्यावर ते पायउतार झाले. अडतीस मोसम, ७१४ सामने, ४६७ विजय. सामन्यांचा हा आकडा २०१५ साली मिक माल्टहाउस यांनी ओलांडला; त्यांनी त्यासाठी चार वेगवेगळे क्लब पालथे घातले होते, मॅकहेल यांनी एकच. माल्टहाउस यांचा विक्रमी सामना कॉलिंगवुडविरुद्धच होता, तो ते हरले, आणि त्याच महिन्यात त्यांना नोकरीवरून काढण्यात आले. विजेत्या संघाच्या प्रशिक्षकाला २००१ पासून जे पदक देतात, त्याला मॅकहेल यांचे नाव आहे.

निवृत्तीनंतरची एक हकीकत सांगितलीच पाहिजे. वारस कोण, यावर १९५० साली क्लबात रण माजले. समितीने बर्व्हिन वुड्स यांना नेमले. मॅकहेल यांचाही कौल तिकडेच. पण सभासदांना आणि खेळाडूंना हवे होते लढवय्ये फॉन्स काइन. या वेळी मात्र खालच्यांनी ‘होय’ म्हणण्यास नकार दिला. सभा गाजल्या, समितीची धुळधाण उडाली, वुड्स यांनी राजीनामा दिला आणि काइन प्रशिक्षक झाले. ज्या क्लबात अडतीस वर्षे एकाच माणसाचा शब्द चालला तेथे सभासदांनी आपला शब्द चालवून दाखवला, आणि तो म्हाताऱ्याच्या मर्जीविरुद्ध. आम्हांस त्यांच्या चरित्रातील हा भाग, त्यांचा पराभव असूनही, आवडतो.

त्याच काइन यांच्या हाताखाली कॉलिंगवुडने २६ सप्टेंबर १९५३ रोजी जीलाँगला हरवून सतरा वर्षांनी विजेतेपद परत आणले. मॅकहेल यांनी तो दिवस पाहिला. दुसऱ्याच दिवशी त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ४ ऑक्टोबरला ते वारले. त्याच महिन्याच्या २६ तारखेला जॉन रेनही गेला.